आमवात: मेथोट्रेक्सेट की हायड्रॉक्सीक्लोरोक्विन?

ताई, सकाळी तासभर मूठ वळत नाही म्हणतेस आणि डॉक्टरांनी ही दोन औषधं सांगितलीत.

जोर मेथोट्रेक्सेटचा जास्त. सांध्यांची झीज तेच नीट रोखतं. पण गोळी आठवड्यातून एकदाच! चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून कॅलेंडरवर वार लिहून ठेव. सोबत फॉलिक अ‍ॅसिड, अधूनमधून यकृत आणि रक्तपेशींची तपासणी. गरोदरपणात अजिबात चालत नाही.

हायड्रॉक्सीक्लोरोक्विन सौम्य, रोजचं. रक्ततपासण्यांचा ससेमिरा कमी, मात्र दीर्घकाळ घ्यायचं तर डोळ्यांचा पडदा तपासत राहावा लागतो. गुण यायला दोन्हींना आठवडे-महिने लागतात.

बरेच सांधे सुजले असतील, अँटी-सीसीपी (रक्तात दिसणारी आमवाताची प्रतिपिंडं) जास्त असेल तर सहसा पहिलं. त्रास कमी असेल किंवा मूल हवं असेल तर दुसरं. काहींना दोन्ही एकत्र देतात.