जुनं मशीन वाढवायचं, वापरलेलं घ्यायचं, नवं जुळवायचं की मॅक मिनी? छोट्या प्रेससाठी तुलना

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि डीटीपीवाल्यांच्या (संगणकावर पानं जुळवून छपाईला देणाऱ्यांच्या) गप्पांत कागदाच्या भावाच्या जोडीला मशीन बदलायचा विषय आला. दुकानदाराला विचारलं तर उत्तर ठरलेलं: साहेब, नवीनच घ्या. ऑपरेटरला विचारलं तर तेही ठरलेलं: आहे ते चाललंय, हात लावू नका. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे.

नेहमी दिसणारं ऑफिस डोळ्यांसमोर धरू. तीन मशिनं. कोपऱ्यात एक्सपीवालं जुनं धूड, त्यावर पानं जुळवायचा पेजमेकर आणि मराठी टायपिंगची श्रीलिपी, मागे डोंगल (सॉफ्टवेअरच्या परवान्याची खुंटी) खोचलेलं. बाकीची दोन इंटेलच्या चौथ्या पिढीची आय-३, आय-५, हार्ड डिस्कवाली, ८ जीबी रॅमची. त्यांवर कोरल (डिझाइनचं कोरलड्रॉ) आणि फोटोशॉप. कामं म्हणजे लग्नपत्रिका, बिलबुकं, पतसंस्थेचे अहवाल, एखादा दिवाळी अंक आणि अधूनमधून फ्लेक्स. प्लेटा बाहेर निघतात, सीटीपीवाल्याकडे (संगणकावरून थेट प्लेट काढून देणाऱ्याकडे) पीडीएफ जाते.

अशा ठिकाणी मशीनचा वेग ही दुसरी गोष्ट. पहिली गोष्ट म्हणजे कपाटातल्या सीड्यांवर आणि जुन्या डिस्कवर पडलेल्या फाईली. दरवर्षी तोच अहवाल, तेच बिलबुक, फक्त आकडे बदलून पुन्हा छापायला येतं. धंद्याचा मोठा भाग या पुनर्मुद्रणावर चालतो. म्हणून माझा निकष साधा: नव्या मशीनवर कुठल्या जुन्या फाईली जशाच्या तशा उघडतील, हे आधी तपासायचं आणि मग दुकानात जायचं.

आधी फाईली

पेजमेकरची ७.० ही शेवटची आवृत्ती २००१ ची. तिला युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, कळत नाही. पेजमेकरची फाईल इनडिझाइनमध्ये (अडोबीच्या पानजोडणीच्या पुढच्या सॉफ्टवेअरमध्ये) उघडायची सोय सीएस६ पर्यंत होती, पुढच्या आवृत्त्यांत ती राहिली नाही. म्हणजे आज नवं मशीन आणि इनडिझाइनचं नवं सबस्क्रिप्शन घेतलं तरी २००८ चा अहवाल थेट उघडणार नाही. त्यात पोस्टस्क्रिप्ट टाइप १ या जुन्या पद्धतीचे फाँट वापरले असतील तर अडचण दुहेरी, कारण अडोबीने जानेवारी २०२३ पासून त्या फाँटांचा आधार काढून घेतला.

मराठी मजकुराचा तिढा वेगळाच. श्रीलिपीचे जुने फाँट किंवा सी-डॅक या सरकारी संस्थेच्या आयएसएम सॉफ्टवेअरमधले डीव्ही-टीटी मालिकेतले फाँट हे आतून इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले. फाँट नसला की पान भरून अगम्य चिन्हं दिसतात. युनिकोडमध्ये रूपांतर करून देणारी सॉफ्टवेअरं आहेत, आणि बऱ्यापैकी काम करतात, पण रफार, पहिली वेलांटी आणि आडवी-उभी जोडाक्षरं यांत हमखास काहीतरी सुटतं. रूपांतरित मजकुराचं प्रूफ पहिल्यापासून वाचावंच लागतं. तीनशे पानांचं पुस्तक असेल तर मुद्रितशोधकाचा हिशेब मशीनच्या किमतीत धरा.

डोंगलचंही तसंच. पॅरलल पोर्टचं डोंगल असेल तर नव्या मदरबोर्डवर त्याला जागाच नसते. यूएसबीचं असलं तरी त्याचा ड्रायव्हर ६४-बिट लागतो, कारण विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्ती निघालीच नाही. सॉफ्टवेअर कंपनीला फोन करून अपग्रेडची अट आणि किंमत लेखी मागवा. मशीन घेतल्यावर हा फोन केला तर घासाघीस करायला तोंड उरत नाही.

जुन्यातच भर: एसएसडी आणि रॅम

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जाणवणारा बदल हाच. साधी हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी वाचते, साटा जोडणीची एसएसडी (फिरती चकती नसलेली, चिपवाली डिस्क) पाचशेच्या पुढे जाते. कोरल उघडायला चहा सांगून यावं लागत असेल तर तो वेळ इथेच वाचतो. शिवाय ही एसएसडी उद्या दुसऱ्या मशीनमध्ये लावता येते, पैसे बुडत नाहीत.

रॅमचं तसं नाही. चौथ्या पिढीच्या मशीनला डीडीआर३ लागते, पुढच्या कुठल्याही मशीनला ती बसणार नाही. तिच्यात पैसे घालायचे तर कुठून काढून मिळालेली, हजार-पाचशेची असेल तरच.

किती रॅम पुरे, याचा हिशेब गणिताने करता येतो. ३०० डीपीआयचं (इंचाला ३०० ठिपक्यांचं) ए३ पान सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार रंगांत) एका लेयरला (थराला) साधारण ७० एमबी घेतं. दहा-बारा लेयर धरले तरी ८ जीबीत ओढूनताणून आणि १६ जीबीत आरामात निभावतं. फ्लेक्सची गोष्ट गमतीची. दहा बाय आठ फुटांचा फ्लेक्स ७२ डीपीआयला केला तर लेयरला २४० एमबीच्या आसपास. तोच कुणी हौसेने ३०० डीपीआयला केला तर एकेक लेयर चार जीबीच्या वर जातो आणि रुंदी ३६,००० पिक्सेल होते. पीएसडी फाईलची मर्यादा ३०,००० पिक्सेलची, म्हणजे ती फाईल नेहमीसारखी सेव्हसुद्धा होणार नाही. मशीन हँग होतं म्हणून आलेल्या तक्रारींमागे असा डीपीआय बऱ्याचदा सापडतो. तिथे नव्या मशीनपेक्षा ऑपरेटरशी दहा मिनिटं बोलणं स्वस्त पडतं.

या पर्यायाची खरी मर्यादा विंडोजची आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) आणि इंटेलची किमान आठवी पिढी लागते, चौथी अधिकृतपणे बसत नाही. धंद्याच्या मशीनसाठी विंडोज १० चे सुरक्षा अपडेट पैसे भरून ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळतात, पण दर वर्षागणिक दुप्पट होतो. आडवाटेने ११ टाकून देणारे पुष्कळ भेटतील. घरच्या मशीनवर करा हवं तर. ज्यावर गिऱ्हाईकांच्या फाईली आणि बँकेचं काम आहे, त्यावर मी करणार नाही.

वापरलेलं कंपनीचं मशीन

हिंजवडी, ठाणे-बेलापूर पट्टा, बंगळूर इथल्या कंपन्या ठरावीक वर्षांनी मशिनं बदलतात. डेलची ऑप्टिप्लेक्स, एचपीची एलिटडेस्क, लेनोवोची थिंकसेंटर ही मग बाजारात येतात. आठव्या पिढीचं आय-५, १६ जीबी रॅम आणि छोटी एसएसडी असलेलं असं मशीन वर सांगितलेल्या बहुतेक कामाला पुरून उरतं. विंडोज ११ अधिकृतपणे चालतं आणि विंडोज प्रोचा परवाना बहुधा मदरबोर्डमध्येच असतो. २०२५ च्या अखेरीला एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी वाढवली आणि रॅमचे भाव कडाडले, तेव्हापासून आत १६ जीबी असलेलं वापरलेलं मशीन नव्याच्या तुलनेत आणखी फायद्याचं झालं.

घेताना डबा कुठल्या आकाराचा, हे पाहा. अगदी बारीक डबा टेबलावर छान दिसतो, पण त्यात अर्ध्या उंचीचंच कार्ड बसतं, दुसऱ्या मोठ्या डिस्कला जागा नसते आणि पॉवर सप्लाय कंपनीचा स्वतःचा असतो. तो गेला की मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली पालथी घालावी लागते. त्यामुळे टॉवर मिळाला तर टॉवर. पक्कं बिल मागा. तुम्ही जीएसटीत नियमित नोंदणीकृत असाल तर १८ टक्क्यांची वजावट मिळते. बिलाशिवाय स्वस्त मिळणारं मशीन त्या हिशेबात तितकं स्वस्त राहत नाही.

नवं जुळवलेलं, की मॅक मिनी

नवं मशीन जुळवायचं तर ग्राफिक्स कार्डवर पैसे उधळू नका. पानजोडणी, कोरल आणि साधं फोटोशॉप यांना प्रोसेसरमधलं ग्राफिक्स चालतं. कोरलची बरीच कामं एकाच कोअरवर होतात, तेव्हा बारा-सोळा कोअरच्या जाहिरातीपेक्षा एका कोअरचा वेग बघावा. तेच पैसे ३२ जीबी रॅम आणि दोन एसएसडींत घाला: एकीवर विंडोज, दुसरीवर चालू जॉब. व्हिडिओ किंवा थ्रीडी पॅकेजिंग करत असाल तर कार्डाचा विचार वेगळा.

एम४ मॅक मिनी नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतात ५९,९०० रुपयांपासून आला, १६ जीबी मेमरीसह. किंमत आणि वेग यांची सांगड अॅपलने इतकी चांगली क्वचितच घातली असेल. वीज जेमतेम खातो, आवाज करत नाही. ज्यांचं सगळं काम इलस्ट्रेटर-इनडिझाइनमध्ये आणि मजकूर युनिकोडमध्ये आहे, जाहिरात संस्थांसाठी कामं होतात, त्यांना मी निःशंकपणे हाच सुचवीन. मेमरी मात्र नंतर वाढत नाही, घेतानाच ठरवावी लागते.

पण आपल्या कोपऱ्यातल्या धुडाची जागा तो घेऊ शकत नाही. २०१९ च्या कॅटालिनापासून मॅकवर ३२-बिट सॉफ्टवेअर चालत नाही. या मॅकवर विंडोज टाकायचं तर एआरएम जातीच्या चिपसाठीचं, आभासी मशीनमध्ये (मशीनच्या आत सॉफ्टवेअरने चालणाऱ्या दुसऱ्या मशीनमध्ये), आणि जुन्या डोंगलचा ड्रायव्हर तिथे चालेल अशी आशा धरू नका. कोरल मॅकसाठी २०१९ पासून पुन्हा मिळतं. तरी सीटीपीवाला 'एक्स३ मध्ये (कोरलच्या जुन्या आवृत्तीत) सेव्ह करून द्या' म्हणणारा असेल तर त्याच्याशी आधी पीडीएफवर एकमत करा. खरं तर ते कुठल्याही मशीनवर करायला हवं. रस्त्यावरून जुना इंटेलचा आयमॅक स्वस्तात मिळतोय म्हणून कुणी सांगितलं तर नको म्हणा, मॅकओएस २६ ही इंटेल मॅकसाठीची शेवटची आवृत्ती आहे.

मॉनिटर

प्रोसेसरवर तास तास चर्चा करणारे लोक दहा वर्षांचा टीएन पॅनेलचा (स्वस्तातल्या पडद्याचा) मॉनिटर तसाच ठेवतात. मान थोडी खाली केली की त्यावर केशरी पिवळा दिसतो. २४ इंची आयपीएस (तिरकं पाहिलं तरी रंग फारसा न बदलणारा) आणि वर्षातून काही वेळा कॅलिब्रेटर (पडद्याचे रंग मोजून जुळवणारं यंत्र), एवढ्याने रंगाच्या तक्रारी जितक्या कमी होतील तितक्या कुठल्याही नव्या मशीनने होणार नाहीत. कॅलिब्रेटर दोन-तीन प्रेसनी मिळून घ्यावा. चमकदार केशरी आणि गर्द निळा स्क्रीनवर दिसतो तसा चार रंगांत छापून येत नाहीच, ते गिऱ्हाईकाला प्रूफवर दाखवावं लागतं. मॉनिटरही पुढच्या मशीनला लागतो, तेव्हा बजेट आखडतं असेल तर आधी हाच.

मग घ्यायचं काय

वरच्या तीन मशिनांच्या ऑफिसात मी असं करीन. एक्सपीवालं फेकायचं नाही. त्याचं नेटवर्क कायमचं काढायचं, डिस्कची हुबेहूब प्रत दोन ठिकाणी ठेवायची आणि ते फक्त पुनर्मुद्रणाच्या जॉबसाठी चालवायचं. डोंगल यूएसबीचं असेल तर ती प्रत नव्या मशीनवर आभासी मशीन म्हणून चालवून बघायची. चाललं तर धुडाला निवृत्ती. एका चौथ्या पिढीच्या जागी वापरलेलं टॉवर, आठवी पिढी किंवा पुढचं. दुसऱ्यात एसएसडी, आणि ते बिलं नि प्रूफ यांपुरतं, इंटरनेटशिवाय. उरलेल्या पैशात मॉनिटर. मॅक मिनीची पाळी जुनं काम सरत जाईल तशी येईल. युनिकोडमध्येच सुरुवात करणाऱ्या नव्या डिझायनरने मात्र यातलं काही न करता सरळ मिनी घ्यावा.

बदल करायचा तर आषाढात. चातुर्मासात मुहूर्त नसल्याने पत्रिकांचं काम थंडावलेलं असतं, शाळांचं छपाईचं ओझं उतरलेलं असतं आणि दिवाळी अंकांची घाई भाद्रपदात सुरू व्हायला अवकाश असतो. आयकराच्या हिशेबात संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो, पण आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्माच. आषाढात घेतलेल्याला पूर्ण मिळतो. नवं आणि जुनं महिनाभर शेजारीशेजारी चालवा, आणि नव्यावरून निघालेल्या पहिल्या पीडीएफची प्लेट काढण्याआधी जुन्या छापील प्रतीशी ओळ न् ओळ ताडून बघा.