आराखडा आधी की बैठक आधी?

वस्तीसाठी वाचनालय किंवा पाळणाघर करायला मिळालं की वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांपुढे पहिला पेच हाच असतो: आराखडा पूर्ण करून लोकांना दाखवायचा, की कोरा कागद घेऊन त्यांच्यासोबत बसायचं?

वेळेत पहिला मार्ग सरळ पुढे. सत्र संपायच्या आत ड्रॉइंग तयार. बैठकांना आठवडे जातात, आणि बोलणारे तेच चार जण असले तर हाती फारसं लागतही नाही.

खर्चाचं उलट आहे. कागदावरची भिंत खोडता येते, बांधलेली पाडावी लागते. शिवाय रंगवलेलं देखणं चित्र समोर आलं की लोक "छान आहे" म्हणून मोकळे होतात. त्याऐवजी पुठ्ठ्याचं साधं मॉडेल ठेवा, भिंती सुट्या ठेवा. मग कुणीतरी खिडकी उचलून दुसरीकडे लावतं नि सांगतं, इथून मुलं दिसली पाहिजेत. मला हे फार मोलाचं वाटतं.

पुढच्या वापराचं म्हणाल, तर चिलीतल्या इकिके शहरातली किंता मोनरॉय वसाहत पाहा. २००४ मध्ये एलेमेंटल या संस्थेने रहिवाशांशी चर्चा करत ती उभारली. अर्धं घर बांधून दिलं, उरलेलं कुटुंबांनी ऐपतीप्रमाणे वाढवलं.

आपत्तीनंतरचा तातडीचा निवारा असेल तर तयार आराखडाच बरा. वर्षानुवर्षं वापरायच्या जागेसाठी बैठक आधी. हाती एकच सत्र असेल, तर इमारत लहान करा. बैठका कापू नका.