ओल्या कचऱ्याचं खत आणि आंब्याच्या पेटीतला पेंढा: दिवाळी ते गणपती वापरून आलेला अनुभव

नेरूळला चौथ्या मजल्यावर राहते, बाल्कनी पश्चिमेची, म्हणजे मार्चपासून दुपारचं ऊन थेट कुंड्यांवर. मागच्या दिवाळीनंतर ओला कचरा खाली द्यायचा बंद केला आणि घरीच खत करायला लागले, आता गणपती झाले तरी चालू आहे, त्यामुळे थंडी, मे महिना, पावसाळा सगळं बघून झालंय. कंपोस्टवर बरंच लिहिलं जातं, मला जास्त सांगायचंय ते त्यात घालायच्या आणि कुंडीत पसरायच्या सुक्या मालाबद्दल, म्हणजे पाला, पेंढा, चिपाडं. ओला कचरा रोज हवा तेवढा निघतो, सुकं कुठनं आणायचं हाच खरा प्रश्न.

सामान काहीच विकत आणलं नाही. रंगाचे २० लिटरचे दोन रिकामे डबे, सगळीकडनं ड्रिलने भोकं, खाली ताटली (पाणी खालच्यांच्या कपड्यांवर पडायला नको). तळाला नारळाच्या शेंड्या, मग भाज्यांची सालं-देठं, चहाचा चोथा (धुऊनच, साखर राहिली की मुंग्या), देवाचं निर्माल्य दोरा काढून, आणि प्रत्येक वेळी वरून सुका पाला, ओल्याच्या दुप्पट. पहिल्यांदा आंबट ताक शिंपडलं होतं, नंतर तयार खतातलंच मूठभर विरजणासारखं घालते. एक डबा भरला की तो नुसता अधूनमधून खालीवर करायचा आणि दुसरा सुरू करायचा. अडीच-तीन महिन्यांत काळं भुसभुशीत खत मिळतं, वास फक्त मातीचा. शिजलेलं तेलकट आणि मासळीचं मी टाकत नाही, बाल्कनीत वास कोंडतो.

दुप्पट का, तर किचनच्या कचऱ्यात कार्बन आणि नायट्रोजनचं प्रमाण साधारण १५-२० ला १ असतं, सुक्या पानांत ५० च्या आसपास किंवा वर, आणि कुजवणाऱ्या जंतूंना लागतं २५ ते ३०. हे मोजत बसायची गरज नाही, नाकाला कळतं. झोंबणारा अमोनियासारखा वास आला की सुकं कमी पडलंय, सडक्या अंड्यांसारखा आला की पाणी जास्त होऊन आत हवा जात नाहीये. मूठभर पिळून बघा, एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर आहे. पावसाळ्यात करड्या जाड अळ्या होतात, सासूबाई घाबरल्या होत्या, पण त्या ब्लॅक सोल्जर फ्लायच्या असतात, चावत नाहीत आणि कचरा भराभर संपवतात. आता कुणी विचारलं की सासूबाईच समजावून सांगतात.

आता मल्चिंग, म्हणजे कुंडीतली माती वरून झाकायची. मला विचाराल तर फ्लॅटवाल्यांनी खताच्याही आधी हे करावं, कारण याला थांबावं लागत नाही, आज पसरलं की आजच ऊन मातीला लागायचं बंद. मी दोन गोष्टी वापरते. एक रसवंतीवाल्याकडची उसाची चिपाडं, मागितली की देतात, कडक उन्हात वाळवून कात्रीने कापायची. ही मातीत मिसळू नका हां, यात कार्बन फार, कुजताना मातीतला नायट्रोजन ओढून घेतात आणि झाड पिवळं पडतं, वर पसरली की तो त्रास नाही. दुसरी म्हणजे आंब्याच्या पेटीतला पेंढा. वाशी मार्केटमधनं हापूसच्या पेट्या घरोघरी येतात, आंबे संपले की पेंढा लोक कचऱ्यात टाकतात, आणि हे सगळं नेमकं मार्च ते मे, कुंड्यांना सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच! आख्ख्या विंगला सांगून ठेवलं होतं, सगळ्यांनी आठवणीने आणून दिला. दोन इंच थर घालायचा, खोडाजवळ मात्र मोकळं सोडायचं. आधी मे महिन्यात दोन वेळा पाणी घालूनही मिरची दुपारी मान टाकायची, यंदा सकाळी एकदा पुरलं, संध्याकाळी पेंढा उचलून बघितलं तरी खाली ओल.

पावसाळ्यात हाच थर काढून पातळ करावा लागतो, नाहीतर गोगलगायी आणि पैसे किडे खाली घर करतात. जूनच्या आधी सुका पाला गोण्यांत भरून घरात ठेवा, नंतर कोरडं पान मिळत नाही आणि डब्यात चिलटं सुरू होतात. फेब्रुवारीत रस्त्यावरच्या बदामाची पानं भरपूर पडतात, चुरून घेतली की छान चालतात.

सगळंच जमतं असं नाही. अंड्याची टरफलं जशीच्या तशी राहतात, मिक्सरमधनं पावडर करूनच घाला. टोमॅटो आणि पपईच्या बिया कुंडीभर उगवतात, उपटत बसावं लागतं. जास्वंदीवरचा मिलीबग (पांढरी कापसासारखी कीड) खताने गेला नाही, त्याला नीमतेलच लागलं. नुसत्या खतात झाड लावू नका, मातीत तिसरा हिस्सा पुरतो. पण मोगरा यंदा खूप फुलला आणि कढीपत्ता आता शेजारी देण्याइतका होतो.

सीवूड्स-नेरूळ बाजूला कुणाला सुरुवात करायची असेल तर विरजणापुरतं तयार खत माझ्याकडे आहे, येताना डबा घेऊन या.