बोगमाळोचं नौदल विमान संग्रहालय : एका स्क्वाड्रनच्या वाटेनं बघा

दाबोळी विमानतळाकडून बोगमाळो किनाऱ्याचा रस्ता धरला की किनारा यायच्या आधीच हे संग्रहालय लागतं. 1998 पासून सुरू आहे, सोमवारी बंद असतं. मोपाला उतरणाऱ्यांनी अंतराचा हिशोब आधी करावा. मोपा विमानतळ गोव्याच्या पार उत्तर टोकाला. विमानं उघड्यावर उभी आहेत, तेव्हा सकाळी लवकर जाणंच बरं. दोन तास हाताशी ठेवा.

गर्दी सहसा सुपर कॉन्स्टेलेशनपाशी होते. चार इंजिनं, तीन उभी शेपटं, आधी एअर इंडियाचं प्रवासी विमान आणि नंतर नौदलाच्या 312 स्क्वाड्रनमध्ये (म्हणजे विमानांच्या तुकडीत) समुद्रावरची टेहळणी. देखणं आहे, प्रश्नच नाही. पण पैसे खरे वसूल होतात ते आयएनएएस (इंडियन नेव्हल एअर स्क्वाड्रन) 300, म्हणजे 'व्हाइट टायगर्स', या स्क्वाड्रनची विमानं क्रमानं पाहिली तर. मांडणी त्या क्रमाची नाही, तो आपणच जुळवायचा.

सुरुवात सी हॉक या लढाऊ जेटपासून करा. स्क्वाड्रन 7 जुलै 1960 रोजी ब्रिटनमधल्या ब्रॉडी तळावर याच विमानांनिशी उभं राहिलं. 18 मे 1961 रोजी विक्रांत या विमानवाहू जहाजाच्या डेकवर पहिलं जेट उतरवलं ते लेफ्टनंट ताहिलियानी यांनी, जे पुढे नौदलप्रमुख झाले. विमानाच्या मागे जाऊन बघा: शेपटाखाली धुराड्याचं तोंडच नाही. नीन इंजिनाचा झोत दुभागून दोन्ही पंखांच्या मुळाशी बाहेर काढलाय, त्यामुळे मागचं धड इंधनाच्या टाकीला मोकळं मिळालं. पंख वर दुमडतात, कारण डेकखालच्या हँगरमध्ये जागा इंचाइंचानं मोजावी लागते. शेपटाखालचा हुक डेकवरच्या आडव्या तारेत अडकला तरच विमान थांबतं. हुकला तर पुन्हा आकाशात.

1971 च्या भारत-पाक युद्धात विक्रांतच्या चारपैकी एका बॉयलरला तडा गेलेला होता, म्हणून जहाजाचा वेग मर्यादित. डेकवरून विमान सुटताना समोरचा वारा म्हणजे जहाजाचा वेग अधिक नैसर्गिक वारा. जहाज मंद आणि हवा पडलेली असेल तर विमानाला उचल कमी मिळते, बोजा कमी करावा लागतो. याची सर्वांत जास्त झळ 310 स्क्वाड्रनच्या अलिझे या पाणबुडीशोधक विमानांना बसली (तेही विमान इथे आहे, पोटाखाली बाहेर येणाऱ्या रडारच्या घुमटाचं). तरीही 4 डिसेंबरला सी हॉकनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले.

आता सी हॅरियर, हवेत जागीच तरंगू शकणारं आणि उभं उतरणारं जेट. पहिली तीन विमानं 16 डिसेंबर 1983 रोजी याच दाबोळीला उतरली. बाजूला उभं राहून चार नोझल मोजा: पुढच्या दोनांतून पंख्याची थंड हवा, मागच्या दोनांतून इंजिनाचा गरम झोत. चारही एकत्र फिरतात. धडाखाली चाकं एकामागे एक, सायकलसारखी, आणि तोल सांभाळायला पंखांखाली दोन बारकी चाकं. तरंगताना पंखांवरून वारा वाहत नाही, मग नेहमीची सुकाणूं निरुपयोगी. म्हणून नाक, शेपूट आणि पंखांच्या टोकांना हवेच्या फवाऱ्यांची छिद्रं आहेत. ती शोधा, मुलांना हा खेळ आवडतो.

उभं उतरण्यातली खरी गोची उष्णतेची. गरम हवा विरळ, इंजिनाचा जोर घटतो, म्हणून इंजिनात शुद्ध पाणी फवारतात. टाकीत साधारण 225 लिटर, ते जेमतेम दीड मिनिट पुरतं. न वापरलेली शस्त्रं घेऊन परतायचं तर वजनाचं गणित बिघडतं, प्रसंगी ती समुद्रात टाकावी लागतात. उड्डाण मात्र उभं नसे. स्की-जंपवरून, म्हणजे डेकच्या पुढच्या टोकाच्या चढावरून, छोटी धाव घेऊन. विक्रांतवर तो चढ 9.75 अंशांचा होता, विराट या दुसऱ्या विमानवाहू जहाजावर 12.

खाऱ्या हवेत आणि गोव्याच्या पावसात उभी विमानं म्हणजे रंग उडणं आलंच; त्यासाठी गुण कापणार नाही. तिसरा वाघ आत सापडणार नाही. 11 मे 2016 रोजी सी हॅरियर निवृत्त झालं आणि 300 स्क्वाड्रननं मिग-29के घेतलं. त्याचा तळ शेजारीच, आयएनएस हंसा. कधी डोक्यावरून गर्जत जातंही. कॅमेरा तिकडे वळवू नका, तो लष्करी तळ आहे.