न बोलणाऱ्या मुलाचीही दृष्टी नीट तपासणारे केंद्र

ऑटिस्टिक मुलांमध्ये चष्म्याचा नंबर आणि तिरळेपणा इतर मुलांपेक्षा अधिक आढळतो; तरीही तोंडी उत्तर न देणाऱ्या मुलावर ‘सहकार्य करत नाही’ असा शेरा मारून त्याला परत पाठवणारे दवाखाने कमी नाहीत. माझ्या मुलाच्या वाट्याला तो शेरा आलेला असल्यामुळे या बालनेत्रतपासणी केंद्राविषयी सविस्तर लिहावेसे वाटले.

येथे भेटीआधीच खोलीची व उपकरणांची छायाचित्रे पाठवतात आणि मागितल्यास गर्दी नसलेली वेळ देतात. अक्षरांच्या तक्त्याऐवजी सफरचंद, घर, वर्तुळ आणि चौकोन ही लीआ चिन्हे वापरली गेली. दूरचे चिन्ह पाहून हातातल्या कार्डावरील तशाच चिन्हावर बोट ठेवायचे, एवढेच मुलाचे काम. एक डोळा झाकू देण्यास त्याने साफ नकार दिला, तेव्हा ऑप्टोमेट्रिस्टबाईंनी एक काच बंद केलेला चष्मा आधी मला घालायला लावला, मग त्याच्यासमोर टेबलावर ठेवला आणि त्याने तो आपणहून चढवेपर्यंत दुसरे काहीच केले नाही.

नंबर काढला तो रेटिनोस्कोपीने. डोळ्यात सोडलेल्या प्रकाशाचे प्रतिबिंब कसे सरकते यावरून तो ठरत असल्याने मुलाच्या उत्तरावर काहीच अडत नाही. प्लस नंबर असलेली मुले डोळ्यांवर ताण देऊन दूरचा तक्ता बरोबर ओळखू शकतात, म्हणून बाहुली मोठी करून डोळ्यांचा हा ताण सैल करणाऱ्या थेंबांनंतरची ही तपासणी टाळू नये. डॉक्टरांनी आहाराचीही चौकशी केली, आणि ती अनाठायी नव्हती: मोजकेच पदार्थ खाणाऱ्या मुलांत जीवनसत्त्व ‘अ’च्या कमतरतेने दृष्टीला इजा होऊ शकते.

दोन तक्रारी मात्र आहेत. थेंब डोळ्यांना झोंबतात आणि नंतर कित्येक तास जवळचे धूसर दिसते, उजेड सोसत नाही, हे आम्हाला आधी सांगितले गेले नाही. प्रकाशाने बेचैन होणाऱ्या मुलासाठी ही चूक लहान नाही. दुसरे म्हणजे, एकाग्रता वाढते असे सांगून चष्म्याच्या काउंटरवर रंगीत काचांचा आग्रह झाला. त्या दाव्याला भक्कम पुरावा नाही आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीतही तसे काही नव्हते, त्यामुळे आम्ही साध्या काचाच घेतल्या. कानामागे टोचणारी फ्रेम पुढे त्यांनी खळखळ न करता बदलून दिली.