लेजर नॅनो एस प्लस आणि जावास्क्रिप्ट: घ्या, पण ब्लाइंड सायनिंग टाळा

इथेरियम या ब्लॉकचेनवर डॅप (ब्लॉकचेनवर चालणारं ॲप) बनवताय आणि युजरला हार्डवेअर वॉलेटने, म्हणजे क्रिप्टोच्या किल्ल्या जपणाऱ्या छोट्या उपकरणाने, व्यवहारावर सही करू द्यायचीये, तर डेव्हलपमेंटसाठी लेजर नॅनो एस प्लस घ्या, ब्लूटूथवाल्या महागड्या मॉडेलची काही गरज नाही. २०२२ मध्ये आलेलं मॉडेल आहे, यूएसबी-सी, दोन बटणं आणि बोटभर स्क्रीन. प्रायव्हेट की (सही करायची गुप्त किल्ली) आतल्या सिक्युअर चिपमधून बाहेर येतच नाही, आपला कोड फक्त कच्चं ट्रान्झॅक्शन आत पाठवतो आणि व्ही, आर, एस या तीन आकड्यांची सही परत घेतो.

कोड फार नाही लागत. दोन पॅकेजेस, एक ट्रान्सपोर्टचं (ब्राउझरसाठी वेबएचआयडीवालं, म्हणजे वेबपेजला यूएसबी उपकरणाशी बोलू देणारी ब्राउझरची सोय वापरणारं) आणि एक इथेरियम ॲपचं. पहिल्यांदा कनेक्ट करायचं ते बटणाच्या क्लिकवरच करा, पेज लोड होताना करायला गेलात तर ब्राउझर परवानगी विचारतच नाही आणि आपण उगाच केबल बदलत बसतो. क्रोम, एज, ब्रेव्ह चालतात, फायरफॉक्स आणि सफारीत वेबएचआयडी नाही, तेव्हा तसा मेसेज युजरला आधीच दाखवा. ईथर्स ६ ही इथेरियमची जावास्क्रिप्ट लायब्ररी वापरत असाल तर ट्रान्झॅक्शन बनवताना फ्रॉम फील्ड काढून टाका, नाहीतर तिथेच एरर येतो, मग सिरियलाइज केलेल्या हेक्सच्या सुरुवातीचं शून्य-एक्स (0x) कापून 44'/60'/0'/0/0 या पाथसोबत (कोणत्या खात्याने सही करायची ते सांगणारा) पाठवा, आणि परत आलेल्या आर, एसला तेच शून्य-एक्स पुन्हा जोडा. युजरने डिव्हाइसवर नकार दिला की ६९८५ कोड येतो, त्याला लाल रंगात 'काहीतरी चुकलं' असं दाखवू नका, त्याने विचार करूनच नाही म्हटलंय.

आता खरा मुद्दा. सही करायच्या फंक्शनला तिसरं पॅरामीटर असतं, रिझोल्यूशन, म्हणजे व्यवहार वाचता येईल असा दाखवायला डिव्हाइसला लागणारी माहिती. बरेच जण तिथे सरळ नल देतात आणि युजरला सांगतात की सेटिंगमध्ये जाऊन ब्लाइंड सायनिंग, म्हणजे व्यवहाराचा तपशील न दिसताच सही, चालू करा. कृपा करून असं करू नका, ही कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सही झाली! रिझोल्यूशन नीट भरलं तर नेहमीच्या टोकनच्या ट्रान्सफरला डिव्हाइसच्या स्क्रीनवर टोकनचं नाव, रक्कम आणि पत्ता स्वच्छ दिसतो, आणि हार्डवेअर वॉलेटला पैसे मोजायचे ते याच्यासाठीच.

कारण ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टवर डोळे झाकून भरवसा ठेवायचाच नाही. २१ फेब्रुवारी २०२५ ला बायबिट या क्रिप्टो एक्सचेंजचे सुमारे दीडशे कोटी डॉलर चोरीला गेले, तिथे ते वापरत असलेल्या सेफ या वॉलेट सेवेच्या वेबपेजचं जावास्क्रिप्टच बदललेलं होतं, पडद्यावर नेहमीचा व्यवहार दिसत होता आणि हार्डवेअर वॉलेटकडे भलताच गेला, सही करणाऱ्यांनी केलीसुद्धा. खुद्द लेजरच्या कनेक्ट किटमध्येही (साइटला लेजर जोडून देणारं पॅकेज) १४ डिसेंबर २०२३ ला माजी कर्मचाऱ्याचं एनपीएम (जावास्क्रिप्ट पॅकेजेस जिथे प्रकाशित होतात ते) अकाउंट फिशिंगने मिळवून घातक कोड घुसवला गेला, ते पॅकेज सीडीएनवरून (फाइली वाटणाऱ्या बाहेरच्या सर्व्हरवरून) आपोआप ताजं व्हर्जन उचलत होतं म्हणून कितीतरी साइट्स एकदम अडकल्या. त्यामुळे व्हर्जन पक्कं लॉक करा, लॉकफाइल (नेमकी व्हर्जन्स नोंदवणारी फाइल) कमिट करा, आणि सहीशी संबंधित काहीही चालू पेजवर बाहेरून ओढू नका.

स्क्रीन मात्र खरंच छोटी आहे. लांब पत्ता बटण दाबत दाबत वाचावा लागतो, ईआयपी-७१२ चा (रकान्यांमध्ये मांडलेल्या डेटावर सही करायचं इथेरियमचं मानक) मोठा मेसेज असेल तर अंगठा दुखतो आणि माणूस कंटाळून शेवटच्या ॲप्रूव्हपर्यंत धावत सुटतो. म्हणून काय काय तपासायचं ते डॅपमध्येच ठळक लिहून द्या, पत्त्याचे सगळे अक्षर दाखवा, मधले खाऊन तीन टिंबं देऊ नका.

टेस्टिंगसाठी स्पेक्युलोस नावाचा लेजरचाच एम्युलेटर आहे, फुकट आहे, डॉकरमध्ये चालतो, बटणंसुद्धा एपीआयने दाबता येतात, त्यामुळे सीआयमध्ये, म्हणजे आपोआप चालणाऱ्या टेस्टमध्ये, मस्त बसतो. तरी रिलीजच्या आधी एकदा खऱ्या डिव्हाइसवर सही करून बघाच. आणि तुमचे युजर आयफोनवाले असतील तर त्यांना हे मॉडेल सुचवू नका, ते आयफोनला चालत नाही.