टर्की, गावरान कोंबडी की शेळी?

घरामागे मोकळी जागा आहे आणि टर्कीचे व्हिडिओ पाहून मन वळलंय, अशांना आधीच सांगतो: गिऱ्हाईक ठरलेलं नसेल तर गावरान कोंबडीच घ्या. टर्की वाढते झकास, अडते ती विकताना.

त्याआधी पहिला महिना निभावावा लागतो. कोंबडीची पिल्लं 21 दिवसांनी निघतात आणि आईमागे दाणे टिपू लागतात. टर्कीला 28 दिवस लागतात, आणि पिल्लू असं बावळट की खाद्य-पाणी समोर असूनही उपाशी मरतं. मग त्याचं लक्ष जावं म्हणून पाण्यात रंगीत गोट्या टाका, खाद्याच्या भांड्यावर टिचक्या मारा, एकेकाची चोच पाण्यात बुडवून दाखवा. खाद्यही महाग पडतं. सुरुवातीला 28 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं लागतात. ब्रॉयलरच्या पिल्लाला 22-23 पुरतात. घरात दिवसभर कुणी नसेल तर या फंदात पडू नका.

दोन्ही एकत्र पाळायचा विचार तर सोडाच. ब्लॅकहेड हा रोग कोंबडीच्या आतड्यातल्या जंतांच्या अंड्यांमधून पसरतो. कोंबडी सहसा धडधाकट राहते, टर्कीचं यकृत मात्र खराब होतं, पिवळी हगवण लागते आणि ती मरते. ही अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात, त्यामुळे कोंबड्या विकून टाकल्या तरी जुनं आवार धोक्याचंच. खुडूक (अंडी उबवायला बसलेल्या) कोंबडीखाली टर्कीची अंडी बसवायची युक्ती म्हणूनच मला पटत नाही. राणीखेत आणि देवी या रोगांची लस मात्र दोघींनाही हवी.

मोठी झालेली टर्की निम्मं पोट लसूणघास, पालापाचोळा आणि किड्यांवर भरते. नर सहा महिन्यांत 7-8 किलोंपर्यंत जातो. गावरान कोंबडा दोन किलोंचा झाला तरी पुष्कळ. अंड्यांसाठी मात्र टर्की नको, ती साधारण सातव्या महिन्यात घालायला लागते.

शेळीचं गणित निराळं. उस्मानाबादी जातीची शेळी गाभण राहिल्यावर पाच महिन्यांनी विते, बरेचदा जुळी देते, आणि बकरी ईद किंवा जत्रेच्या आधी व्यापारी दारात येतो. पण रोज चरायला नेणारं माणूस हवं. गिनी फाउल ही कोंबडीसारखी ठिपकेदार पाखरं; ती काटक खरी, पण परकं कुणी दिसलं की इतकी ओरडतात की शेजारी वैरी होतात.

आठवडी बाजारात दीड किलोचा कोंबडा एक घर घेऊन जातं. आठ किलोंची टर्की चार घरांत वाटायची तर ती चार घरं आधी शोधा. नाहीतर नाताळात मुंबई, पुणे, गोव्याची हॉटेलं गाठा, आणि तेही पिल्लं आणण्यापूर्वी. डिसेंबरात मोठा नर हवा म्हणजे पिल्लं मे-जूनमध्ये येणार. त्यातही मेच्या सुरुवातीलाच आणा. जूनच्या पावसात खालचा भुसा ओला झाला आणि दिवे गेले, तर ऊब टिकवता टिकवता नाकीनऊ येतील.